दुसऱ्याच्या कार्डावर

मोशी,
२२ डिसेंबर २०२४

ती. हिंदुरावकाका,
साष्टांग नमस्कार.

शाळेत मार्कांसाठी लिहिलेल्या पत्रानंतर हे माझं पहिलंच पत्र, तेव्हा चुकलंमाकलं पोटात घाला. तुम्हाला फोन करून उपयोग नाही. कारखान्यातल्या हॅमर शॉपनं तुमचे कान केव्हाच खाल्ले. मेसेज पाठवले, तर तुमच्या सूनबाई दिव्यावहिनी म्हणाल्या की गावी आल्यापासून बाबांनी फोन पेटीत टाकलाय. म्हणून त्यांच्याकडून पत्ता घेतला.

माझ्या बाबांचं दहावं झालं आणि तुम्ही थेरगावची खोली सोडून शिराळ्याला निघून गेलात. आम्हाला घरमालकाकडून कळलं. तीस वर्षं एका हॅमरवर काम केलेली तुम्ही दोघं, रिटायर झाल्यावरही रोज सकाळी बरोबर फिरणारी. एक जण व्हिएतनामच्या सहलीहून अस्थींच्या डब्यातून आला, आणि दुसरा आला तो बोलेनासाच झाला. आई विचारते, भाऊजी रागावले का? मी काय सांगू?

रागावायचं तर तुम्ही माझ्यावर रागवा. डांगे चौकातल्या त्या एजंटकडे आपण तिघं गेलो होतो, आठवतंय ना? तो म्हणाला, माणशी बाराशे भरा, प्रवासाचा विमा काढून देतो. तुमच्या सुनेनं आधीच बजावलं होतं, म्हणून तुम्ही काढलात. मी मात्र शहाणा. म्हटलं, आमच्या क्रेडिट कार्डावर परदेशाचा विमा फुकट आहे, दुहेरी खर्च कशाला? बाबांच्या नावाचं जादा कार्ड मागवून त्यांच्या हातात ठेवलं आणि सांगितलं की काही झालं तर मागचा नंबर फिरवा, सगळं तेच बघतील. आणि तिकिटाचे पैसे देताना एजंट म्हणाला कार्डला दोन टक्के जास्त लागतील, तर मी ते पैसे मोबाइलवरून भरले.

काका, बाबा गेल्यावर मी त्या कार्डाची पुस्तिका पहिल्यांदा वाचली. तिकीट त्याच कार्डावर काढलेलं असेल तरच विमा. तोही मूळ कार्डवाल्याचा, जादा कार्डवाल्याचा नाही. म्हणजे बाबा खिशात प्लास्टिकचा तुकडा घेऊन गेले होते. मी चाकणला क्वालिटीत आहे, दुसऱ्याच्या पार्टमधली केसाएवढी चीर मला दिसते. माझ्या बापाच्या बाबतीत मला दिसली नाही. विमा असता तर त्यांना नीट दवाखाना मिळाला असता, निदान त्यांना घरी तरी आणता आलं असतं. आईला शेवटचं तोंडसुद्धा दिसलं नाही.

मला एवढंच सांगा. बाबा गेले त्याच्या आदल्या दिवशी तुम्ही दोघं दवाखान्यात गेलात, तिथे काय झालं? बाबा माझ्याबद्दल काही बोलले का? त्यांनी कुणाला फोन केला होता का?

अजून एक. आईला बाबा दिसतात. रात्री नाही, भर दुपारी. जेवण झाल्यावर दोन-सव्वादोनला तिचा डोळा लागतो तेव्हा ते दाराच्या चौकटीत येऊन उभे राहतात. बोलतात, पण आवाज नसतो. नुसते ओठ हलतात. ती उठून पुनमला, माझ्या बायकोला, विचारते की तुला काही ऐकू आलं का? पुनम आता दुपारी घरात एकटी थांबायला घाबरते.

आपला,
आदिनाथ


ता. शिराळा,
३ जानेवारी २०२५

चि. आदिनाथ यास आशीर्वाद.

पत्र पोचलं. पोस्टमन वाचून दाखवू का म्हणाला. त्याला म्हटलं, बाबा, कान गेलेत, डोळे शाबूत आहेत.

मी रागावलेलो नाही. थेरगावात आता माझं काय होतं? सकाळी सहाला उठून फिरायला जायचं ते कुणाबरोबर? म्हणून आलो.

तुझ्या कार्डाचं म्हणशील तर तुझ्या बापानं, मुरारीनं, ते रुमालात गुंडाळून शर्टाच्या वरच्या खिशात ठेवलं होतं. विमानात मला दोनदा काढून दाखवलं. म्हणाला, आपल्या ईएसआयच्या कार्डासारखं आहे राव, दाखवलं की झालं. आम्ही कामगार माणसं. आयुष्यभर एक कार्ड दाखवून आत गेलो, दुसरं दाखवून औषध घेतलं. कार्ड हातात असलं की माणूस आपला, एवढंच आम्हाला कळतं. त्याची बारीक अक्षरं वाचायची असतात हे कुणी शिकवलंच नाही. तेव्हा तू एकट्यानं डोक्यावर घेऊ नकोस.

दवाखाना लहानच होता. छातीत जळजळतंय म्हणाला म्हणून घेऊन गेलो. डॉक्टरनं छातीची पट्टी, ती ईसीजीची, काढली, इंजेक्शन दिलं, विश्रांती घ्या म्हणाला. दुसऱ्या दिवशी दुपारी हॉटेलात बसल्या जागी गेला. त्रास झाला नाही. तुझ्याबद्दल वाईट काही बोलला नाही. फोनबिन केला असला तर मला काय ऐकू येतंय?

वहिनींचं वाचलं. आदिनाथ, हॅमर चालू असताना आम्हाला एकमेकांचं काही ऐकू यायचं नाही. दोन टनांचा हातोडा पडत असताना माणूस बोलणार काय? पण बोलायचो. ओठांवर. पोरीबाळींची लग्नं, गावाकडची भांडणं, सगळं त्या हातोड्याखाली आवाजाशिवाय बोलून झालंय. मुरारी घरीसुद्धा विसरून तसा बोलायचा, वहिनी चिडायच्या.

त्यांना सांग, पुढच्या वेळी घाबरू नका. ओठ कसे हलतात ते नीट बघा आणि मला कळवा.

तुझा काका,
हिंदुराव


मोशी,
१६ जानेवारी २०२५

ती. काका, सा. न.

आईला तुमचं पत्र वाचून दाखवलं. हॅमर शॉपचं ऐकून हसली, बऱ्याच दिवसांनी. म्हणाली, "व्हय, तसंच. टीव्हीचा आवाज बंद केल्यावानी बोलत्यात." आणि मग हसायची थांबली.

परवा संक्रांतीला दुपारी बाबा पुन्हा आले म्हणाली. या वेळी तिनं धीर करून बघितलं. तीळ निवडता निवडता तिनं मला करून दाखवलं. आधी तोंड जरासं उघडतं. मग खालचा ओठ वरच्या दातांना टेकतो. मग तोंड मोठं उघडतं आणि क्षणभर तसंच राहतं. शेवटी ओठ दोन्हीकडे ताणतात. दोनदा तेच. मग ते हाताकडे बघतात आणि जातात.

काका, आईच्या तोंडावर बाबांचं तोंड आलं. मला तिथे बसवेना. मी गच्चीवर जाऊन उभा राहिलो.

मी सुपरवायझरला सांगून सेकंड शिफ्ट बदलून घेतली. आता सकाळीच जातो. दुपारी घरी असायला नको वाटतं.

बाबांच्या बॅगेत काल दवाखान्याचा कागद सापडला. त्यावर नाव तुमचं आहे. वयही तुमचं, एकाहत्तर. पासपोर्टचा नंबर तुमचा. छातीत दुखत असल्याचं लिहिलंय. तुमचा कागद चुकून त्यांच्या बॅगेत आला का? तुम्हालाही तिथे दाखवलं होतं का? तुम्ही मागच्या पत्रात तसं काही लिहिलं नाहीत. जे असेल ते स्पष्ट लिहा. मी कुणाला बोलणार नाही.

आदिनाथ


ता. शिराळा,
९ फेब्रुवारी २०२५

चि. आदिनाथ,

उत्तराला उशीर झाला. तीनदा लिहिलं आणि चुलीत घातलं. दिव्या म्हणाली, बाबा, पाणी तापवायला सरपण आहे, कागद नका जाळू.

तो कागद माझा नाही. तुझ्या बापाचा आहे. नाव माझं आहे.

आता हे नीट वाच. हॅमर शॉपला असताना मी थेरगावहून सायकलनं यायचो आणि कायम उशीर व्हायचा. टाइम ऑफिसला कार्ड पंच झालं नाही तर अर्धा दिवस गेलाच. मुरारी लवकर यायचा. तो आपलं कार्ड पंच करायचा आणि मागोमाग माझं. त्याची बहीण गेली तेव्हा चार दिवस मी त्याचं केलं. चोरी होती ती, पण आम्हाला कधी चोरी वाटली नाही. कार्डावर नाव एकाचं, हात दुसऱ्याचा. काम दोघंही करत होतोच की.

त्या दवाखान्यात काउंटरवरच्या पोरीनं त्याच्या कार्डावरचा नंबर फिरवला. बराच वेळ बोलली आणि मान हलवली. तिला हिंदी येत नव्हती, पण मोबाइलवर भाषा बदलून तिनं दाखवलं: तिकीट या कार्डावर नाही, विमा नाही, आधी पैसे भरा. आकडा बघून मुरारी उठला. म्हणाला, चल, हॉटेलवर जाऊन लिंबूपाणी पितो. कपाळावर घाम होता. तेव्हा मी माझी पॉलिसी आणि माझा पासपोर्ट काढला आणि त्याला म्हटलं, आज तू हिंदुराव. दोघांच्या मिशा पांढऱ्या, दोघं टकले. त्यांना आपली सगळी माणसं सारखीच. पोरीनं फोटोकडे नीट बघितलंसुद्धा नाही.

आम्ही हसलो रे. पंच झालं कार्ड, असं म्हणून हसलो.

मग डॉक्टरनं विचारलं, आधी हृदयाचा काही आजार? काही बसवलंय? मुरारीनं माझ्याकडे बघितलं. चार वर्षांपूर्वी त्याला स्टेंट टाकली होती, रोजची गोळी चालू होती. पण माझ्या पॉलिसीच्या फॉर्ममध्ये हृदयाचा आजार ‘नाही’ असं लिहिलेलं. हो म्हटलं असतं तर सगळं उघडं पडलं असतं. मी मान हलवली, नाही. मग त्यानंही हलवली. पट्टी जेमतेम ठीक आली. डॉक्टरनं पित्त समजून इंजेक्शन दिलं. खरं कळलं असतं तर त्यानं सोडलं नसतं, एवढं मला अडाण्यालाही कळतं.

दुसऱ्या दिवशी बाकीची मंडळी पूल बघायला गेली. तो बूट घालून खाली खुर्चीत बसला होता. मी नारळपाणी घेऊन आलो. ‘मुरारी’ म्हणून हाक मारली, त्यानं बघितलं नाही. वाटलं, चेष्टा करतोय. म्हटलं, ओ हिंदुराव, चला. तरी नाही.

कल्पना माझी, पासपोर्ट माझा, मान मी हलवली. तुझ्या बापाला मी माझ्या नावाखाली मारलं. दहाव्याला इंद्रायणीच्या घाटावर वहिनींनी माझ्याकडे बघून हात जोडले, म्हणाल्या, शेवटी तुम्ही होता म्हणून बरं. त्यानंतर मला मोशीच्या आसपास राहवेना.

वहिनींना तो दारात दिसतो. माझ्याकडे तो आत येतो. दिव्या जेवायला हाक मारते ती मला ऐकू येत नाही, पण खाटेच्या पायथ्याशी बसलेला मुरारी उठतो, त्यावरून मला कळतं की हाक आली. माझ्या नावाला तो ओ देतो आता. विमा कंपनीची पोरगी महिन्याला दिव्याला फोन करते: हिंदुरावांच्या छातीचं कसं आहे? दिव्या म्हणते, बरं आहे. त्यांच्या वहीत तो अजून जिवंत आहे आणि छाती माझी दुखते.

ओठांचं मी आरशात करून पाहिलं. सांगता येत नाही.

हिंदुराव


मोशी,
१८ फेब्रुवारी २०२५

ती. काका, सा. न.

पत्र कंपनीच्या पार्किंगमध्ये बसून वाचलं. तुम्ही स्वतःला एवढा दोष देऊ नका. तुमच्या मनात वाईट नव्हतं. दोस्तीखातर केलंत. स्टेंटचं मात्र लपवायला नको होतं, असं वाटतं. पण झालं ते झालं. मी तुमच्यावर राग धरणार नाही. खरं म्हणजे तुमचं पत्र आल्यापासून मला थोडी झोप लागते आहे.

आईला यातलं काही सांगितलेलं नाही. तिला सांगितलं की दवाखान्यात निदान चुकलं.

पण एक अडचण आहे. ती आता दिवसभर आरशासमोर उभी राहून ते ओठ करून बघते. पुनमला बाजूला उभी करते आणि विचारते, "काय म्हनले मी? सांग की." पुनम रडकुंडीला येते. आणि आता आईनं हट्ट धरलाय की शिमगा झाला की मला भाऊजींकडे ने. "त्यास्नी करून दावते, त्ये वळखत्याल."

काका, तिला या वयात एवढा प्रवास झेपायचा नाही. तुम्ही तिच्या नावानं दोन ओळी लिहून पाठवा की स्वप्नातलं ओठांवरून कळत नसतं, येऊ नका. आणि तरी आलीच, तर काही ओळखू आलं नाही असं सांगा. माझ्यासाठी एवढं करा. तुमची गोष्ट मी पोटात ठेवतो आहे, तुम्हीही एवढं ठेवा.

आदिनाथ


ता. शिराळा,
२७ फेब्रुवारी २०२५

चि. आदिनाथ,

तुझं पत्र तीनदा वाचलं. प्रत्येक वेळी वाटलं, पुढच्या ओळीत येईल. आलं नाही.

तू मला माफ केलंस. छान केलंस. थोडी झोप लागते म्हणतोस, तीही लागू दे. पण मी तुला आधीच्या पत्रात एक खोटं लिहिलं होतं, ते आता खोडतो.

कल्पना माझी नव्हती.

काउंटरवरच्या पोरीनं मान हलवली तेव्हा मुरारी बाकावर येऊन बसला आणि त्यानं तुला फोन लावला. मी समोरच्या बाकावर होतो. तू विसरलास की मला ऐकायला कान लागत नाहीत. त्याचा शब्द न् शब्द माझ्या डोळ्यांसमोर आहे. तो म्हणाला, "कार्ड चालत न्हाई म्हनत्यात. तिकीट त्यावर न्हाई म्हनं." मग ऐकत राहिला. मग म्हणाला, "हिंदुरावचं नाव सांगू?" मग ऐकलं. "कोन वळखतंय, व्हय, खरं हाय. पन त्ये बरोबर दिसंल का?" मग, "बरं. तू म्हनतोस तर." तुझे शब्द मला दिसले नाहीत, पण उत्तरं बघितली की प्रश्न कळतात.

फोन ठेवायच्या आधी तो अजून एक वाक्य बोलला. दोनदा बोलला. मग फोनकडे बघितलं, बंद झाला होता. खिशात ठेवला आणि माझ्याकडे येऊन म्हणाला, राव, तुझा पासपोर्ट दे. आणि लगेच म्हणाला, यात पोराचं नाव येऊ देऊ नकोस, त्यानं काळजीपोटी सांगितलं. मी शब्द दिला. म्हणून तुला पहिल्या पत्रात फोनचं ऐकू येत नाही लिहिलं, आणि दुसऱ्यात सगळं माझ्या अंगावर घेतलं. मेलेल्या दोस्ताला दिलेला शब्द पाळायचा, एवढंच मला कळतं. मान मी हलवली हे खरंच आहे, ते माझंच. त्यातून मी सुटत नाही आणि सुटायचंही नाही.

पण तू मला सांगतोस, वहिनींशी खोटं बोला. ते नाही जमायचं. माणसांशी खोटं बोललो आहे, ओठांशी कधी बोललो नाही.

वहिनींनी करून दाखवलेलं तू लिहिलंस तेव्हाच मला कळलं होतं. तोंड जरा उघडतं, खालचा ओठ दाताला लागतो, मोठं उघडतं, ताणतं. तीस वर्षांत मुरारीच्या तोंडी मी त्यांचं नाव पाहिलं नव्हतं. कायम ‘आदिनाथची आई’. त्या दिवशी बाकावर पहिल्यांदा पाहिलं.

"गवराला दे."

तिकडे दोघांत मिळून एकच फोन चालत होता, तो त्याचा. तुझ्याशिवाय त्याला वहिनींपर्यंत पोचायला वाट नव्हती. आणि त्यांना हे वाक्य कुणी सांगितलेलं नाही, माझ्यापाशी आणि तुझ्यापाशी सोडून ते कुणाजवळ नव्हतं. मग त्यांनी करून दाखवलं ते आलं कुठून? मी म्हातारा माणूस, मला या वयात भीती वाटत नाही म्हणायचो. आता वाटते.

शिमगा तेरा मार्चला आहे. त्याआधी तू सांग. वहिनी इथे आल्या आणि माझ्यासमोर ओठ हलवले, तर मी त्यांना अर्थ सांगेन. तो त्यांच्या पोराकडून कळावा असं मला वाटतं.

हिंदुराव


मोशी,
२३ मार्च २०२५

ती. काका,

सांगितलं.

होळीच्या आधीच्या रविवारी सकाळी ती मेथी निवडत होती. मी समोर बसलो आणि एजंटपासून सुरुवात केली. कार्ड, दोन टक्के, पुस्तिका. ती म्हणाली, "त्ये म्हाईत हाय रं, किती येळा सांगशील?" मग मी म्हटलं, आई, बाबांचा फोन आला होता. तिनं मेथी बाजूला सारली.

तुम्हालाही सगळं लिहितो, अर्धं तुम्ही बाकावरून पाहिलंत, अर्धं माझ्याकडे आहे. तेव्हा मी सेकंड शिफ्टला होतो. दोन वाजून दहा मिनिटांनी कंपनीची बस चौकात येते. मी जिन्यात बूट घालत होतो तेव्हा फोन वाजला. बाबा म्हणाले कार्ड चालत नाही. मला तेव्हाच कळलं की मी कुठे चुकलो. आणि ते माझ्या तोंडावर येऊ नये म्हणून मी घाईनं म्हटलं, काकांची पॉलिसी आहे ना, त्यांचं नाव सांगा, तिथे कोण ओळखतंय? विचार असा केलाच नाही. जीभ पुढे गेली. बाबा बरं म्हणाले. खाली बसनं हॉर्न दिला. तेवढ्यात ते म्हणाले, गवराला दे. मी कधी त्यांना आईचं नाव घेताना ऐकलं नव्हतं. मला ते विचित्र वाटलं, भीतीसुद्धा वाटली. पुन्हा म्हणाले. मी म्हटलं, बाबा, बस आली, रात्री लावून देतो. आणि ठेवला.

रात्री मी लावला, त्यांनी उचलला नाही. झोपले असतील म्हणून मी सोडून दिलं. तुम्ही फोन आणून दिलात त्या दिवशी आईच्या हातात देण्याआधी मी त्यातली माझ्या कॉलची नोंद पुसली. मला नावाची अदलाबदल लपवायची होती. ती लपवताना मी त्यांचं बोलणंही लपवतोय, हे माझ्या लक्षातच आलं नाही. खरं सांगतो, काका. चार महिने आई त्या ओठांमागे लागली होती आणि वाक्य माझ्या कानात होतं.

आईनं विचारलं, "तू जिन्यात. मी कुटं हुते?"

म्हटलं, वर. भांडी घासत होतीस. नळाचा आवाज येत होता.

"नावानं म्हनले?"

"हो."

"तुझ्याम्होरं?"

"हो."

मग तिनं विचारलं, आवाज कसा होता? मी सांगितलं, जिना चढून आल्यावर लागते तशी धाप होती, पण घाबरलेले नव्हते. तिनं पुन्हा विचारलं, मी पुन्हा सांगितलं. पाच-सहा वेळा तरी तेच. तुमच्या पासपोर्टचं, डॉक्टरचं, मान हलवल्याचं तिनं एकदाही विचारलं नाही. मी मुद्दाम सांगायला गेलो तर म्हणाली, "त्ये ऱ्हाऊ दे. भाऊजींस्नी म्हनावं, येत जावा." शेवटी एवढंच बोलली, "मी ओल्या हातानं आले असते की रं पळत."

शिराळ्याला येणार नाही म्हणाली. आता कशाला, कळलं की.

त्या दिवसापासून बाबा तिला दिसत नाहीत. मला वाटलं होतं तिला बरं वाटेल. ती दुपारी मुद्दाम आडवी होते, डोळे मिटते, उठून बसते. पुनमला म्हणते, "न्हाई आले."

माझ्याशी बोलते. डबा भरून देते, उशीर झाला तर जागी असते, चहात साखर जास्त झाली तर रागावते. तुम्ही बघितलंत तर तुम्हाला काही फरक दिसणार नाही. फक्त माझा फोन घेत नाही. बाबांचा मोबाइल आता तिच्याकडेच असतो. मी कंपनीतून लावला की पुनम सांगते, ती फोन हातात घेऊन बसते, पडद्यावरच्या माझ्या नावाकडे बघत राहते आणि रिंग पूर्ण होऊ देते. बंद झाला की पदरानं पुसून ठेवते.

मी रोज दोन वाजून दहा मिनिटांनी लावतो.

आदिनाथ